तुझी अम्मी रडली नव्हती

आपा,

तू गेल्याचं मला तुझ्या शेजारणीनं जिन्यात सांगितलं. मी दुसऱ्या मजल्यावर तुझ्या बंद दारासमोर उभी होते, हातात कागदांची पिशवी. ती स्वतःच्या दाराला कुलूप घालत होती. म्हणाली, "सिस्टरकडे आलीस? अगं, परवा सकाळी गेल्या. परवाच कबरस्तानात मिट्टी झाली, असरच्या नमाजानंतर." मग माझ्याकडे नीट बघून तिनं विचारलं, "तू कोण त्यांची?"

मी तेवीस वर्षांची, उरणची कोळ्याची पोर. तू एकसष्ट वर्षांची, पनवेलची, बुरखा न घालणारी, प्रसूतिगृहातून रिटायर झालेली नर्स हमीदा सिस्टर. "वर्गातली," असं मी म्हणाले. तिला ते कळलं नसावं. "कुठला वर्ग?" असं पुटपुटत ती खाली उतरून गेली.

तू कोण, हा प्रश्न पहिल्या दिवशी मॅडमनाही पडला होता, आठवतं? एम.ए.चा पहिला तास. तिसऱ्या मजल्यावरचा तो तापणारा वर्ग, आम्ही बारा-तेरा पोरंपोरी, आणि पहिल्या बाकावर तू, चष्मा साडीच्या पदरानं पुसत. मॅडम आत आल्या आणि तुला म्हणाल्या, "पालकांनी कृपया खाली ऑफिसात थांबावं." तू उठून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माझे पालक कधीच वारले मॅडम. मी स्वतःच आलेय." सगळे हसले. मॅडम ओशाळल्या. मी मात्र ठरवलं की हिच्या शेजारी बसायचं.

विषयाचं नाव होतं 'समकालीन आंतरसांस्कृतिक साहित्य'. एवढं लांब नाव तुझ्या तोंडी कधी बसलं नाही. तू त्याला 'परक्या घरचा पेपर' म्हणायचीस, आणि वर्षअखेरीला मॅडमसुद्धा तसंच म्हणायला लागल्या. मॅडमची पद्धत वेगळी होती. त्या टिपणं लिहून देत नसत. लांबच्या कुठल्यातरी देशातली गोष्ट भाषांतरात वाचायची, आणि पुढच्या आठवड्यात त्यावर उत्तर न लिहिता आपण एक गोष्ट लिहून आणायची. "दुसऱ्याचं जगणं समजलंय की नाही हे समीक्षेत लपवता येतं, गोष्टीत लपत नाही," असं त्या म्हणायच्या. तेव्हा मला ते फक्त छान वाक्य वाटलं होतं.

तुझं वाचणं नर्सचं होतं. बर्फाच्या गावातल्या त्या विधवेची गोष्ट वाचली तेव्हा आम्ही सगळे एकाकीपणावर बोलत होतो. तू शेवटी म्हणालीस, "एवढ्या थंडीत ही बाई रोज विहिरीवर जाते. तिचे गुडघे दुखत असणार. लेखकानं तिला एकदाही विचारलेलं नाही." वर्ग पुन्हा हसला. तू हसली नाहीस.

मी तुला अहो-जाहो करायचे. एकदा जिन्यात डबा खाताना तू विचारलंस, "आईला काय म्हणतेस?"

"ए आई. तू."

"मग मी काय तुझी सासू आहे? मलाही तूच म्हण."

म्हटलं. तेव्हापासून तुझ्या डब्यातली भाकरी माझी आणि माझ्या डब्यातली सुकी मासळी तुझी. दीड वर्ष आपण अशा जेवलो. मी उरणहून बसनं यायचे, उलव्याच्या बांधकामांची सिमेंटची धूळ केसांत घेऊन. तू पिशवीतून ओला रुमाल काढून द्यायचीस. आई करते तसं, काही न बोलता.

मग ते जोडीचं काम आलं. मॅडमनी चिठ्ठ्या काढल्या नाहीत, ज्याला जो हवा तो घ्या म्हणाल्या. दोघांनी एकमेकांच्या घरातली एक घटना ऐकायची आणि त्या घरातल्या कुणाच्या तरी तोंडून, 'मी' म्हणून लिहायची. आपण एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. ते ठरलेलंच होतं.

तू मला तुझ्या घरी नेलंस. चहा ठेवलास आणि ओट्याला टेकून सांगत राहिलीस. तुझे अब्बा जहाजावर खलाशी. तू चार वर्षांची असताना गेले ते चार वर्षं आले नाहीत. कोचीनला त्यांनी दुसरं घर केलंय, बायको आहे, एक मुलगी आहे, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या खाडीकाठच्या घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. आणि एके दिवशी दुपारी ते दारात उभे राहिले. अम्मीनं "या" म्हटलं. पाय धुवायला पाणी दिलं. त्या दिवशी जिताडा मासा आला होता, त्याचं कालवण केलं, भात वाढला. ते जेवत असताना समोर बसून राहिली. अजून हवं का विचारलं. त्यांनी हात धुतल्यावर म्हणाली, "तुमची बस किती वाजता?"

एवढंच. बाकी काही विचारलं नाही. ते उठले. तेव्हा अम्मी आत गेली आणि पेटीतून तुझा ईदचा फ्रॉक काढून आणला. पिवळा, नवा, एकदाही न घातलेला. कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. "तुमच्या मुलीला होईल. हिला आता तसाही आखूड झालाय."

"आखूड नव्हता झाला," तू मला म्हणालीस. "मी एवढी रडले त्या दिवशी! फ्रॉकसाठी. अब्बांसाठी नाही. आणि अम्मी मला म्हणाली, रडू नकोस, ती पण पोरच आहे. स्वतः ती रडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही कधी नाही. मी लक्ष ठेवून होते."

चहा उतू गेला होता. तू गॅस पुसत राहिलीस.

मी ती गोष्ट दोन बैठकींत लिहिली आणि मला वाटलं, मी काहीतरी मोठं लिहिलंय. माझ्या गोष्टीत तुझी अम्मी पडद्याआडून नवऱ्याकडे बघत होती. बांगड्या वाजू नयेत म्हणून मनगट घट्ट धरून होती. तिनं बिर्याणी केली होती. तो निघाला तेव्हा ती उंबऱ्यावर कोसळून रडली आणि म्हणाली, "मला नाही तर निदान या पोरीला घेऊन जा." फ्रॉक मी काढूनच टाकला होता. रडणाऱ्या बाईच्या हातात तो शोभत नव्हता. रडणं ठेवायचं की फ्रॉक, असं झालं, आणि मी रडणं ठेवलं.

वर्गात वाचून झालं तेव्हा दोन मुली डोळे पुसत होत्या. मॅडम म्हणाल्या, "विभागाच्या वार्षिक अंकात घेऊया." मी तुझ्याकडे बघितलं. तू वहीचं पान हातानं सरळ करत होतीस.

मग तू वाचलंस. तुझा आवाज वाचताना नेहमी बारीक व्हायचा. तुझ्या गोष्टीतली 'मी' म्हणजे माझी आई होती. उरणच्या मासळीबाजारात बसणारी. मी तुला सांगितलं होतं की अकरावीत असताना मैत्रिणींबरोबर बाजारातून जाताना मी आईला ओळख दिली नव्हती. तिच्यासमोरून मान वळवून गेले होते. आईला ते कळलंच नाही, असं मी तुला सांगितलं होतं. मी स्वतःलाही तसंच सांगत आले होते.

तुझ्या गोष्टीतल्या आईनं मला लांबूनच बघितलं. मैत्रिणींचे स्वच्छ बूट बघितले. आणि मी जवळ आले तेव्हा तिनं मुद्दाम मासळीच्या पाटीकडे वाकून शेजारणीशी भांडण काढलं, म्हणजे माझ्याकडे बघायला नको, मला मान वळवायला वेळ मिळावा. शेवटचं वाक्य मला पाठ आहे: "तिला लाज वाटली याचं मला दुःख नव्हतं. मी बघितलं हे तिला कळलं असतं, तर ती जन्मभर खाली मान घालून चालली असती."

तास संपल्यावर मी तुला जिन्यात गाठलं.

"हे कुठून आणलंस तू?"

"तुझ्या आईकडून. दोन दिवस बाजारात जाऊन बसले तिच्याजवळ. म्हटलं, लिहायचं तर विचारलं पाहिजे."

"माझ्या आईला जाऊन विचारायचा हक्क तुला कुणी दिला?"

"कुणी नाही दिला," तू म्हणालीस. "पण न विचारता लिहायचा तुला कुणी दिला? माझ्या अम्मीला पडद्याआड का बसवलंस दर्शना? आमच्या घरात पडदा नव्हता. कपडे पुरत नव्हते, पडदा कुठला! आणि बिर्याणी? तू कोळ्याची मुलगी, तुला खाडीकाठच्या घरात बिर्याणी शिजलेली दिसली? मी जिताडा सांगितला होता."

"गोष्ट आहे ती. गोष्टीत बदलावं लागतं."

"बदल ना. पण तू जे बदललंस ते सगळं एकाच बाजूला गेलं. तुला जशी मुसलमान बाई ठाऊक आहे, तशी ती झाली. माझी अम्मी त्यात राहिलीच नाही."

तुझं बरोबर होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. म्हणूनच मी ते बोलले असेन. मी म्हणाले, "तू इथे म्हातारपणी वेळ घालवायला येतेस. मला यावर पुढे पोट काढायचंय."

तू डब्याचं झाकण लावलंस. ते नीट बसत नव्हतं, तू दोनदा दाबलंस. आणि खाली उतरून गेलीस.

त्या संध्याकाळी मी आईला विचारलं. ती अंगणात जाळ्याचं सूत गुंडाळत होती. मी म्हटलं, "आई, अकरावीला व्हते तवा, बाजारातून गेले तुज्यासमोरून, तू बगितलंस मना?"

"मंग, डोले काय फुटले व्हते माजे?" ती वर न बघता म्हणाली. "बगितला. ती हमीदाबाय आलती ना, तिला सांगितला मी. लय चांगली बाय हाय. तिनी माजे पाय बगितले. म्हणाली, सूज हाय, मीठ कमी कर. आनि आज तू कशाला इचारतंस?"

मी आईजवळ बसले. हे सगळं तुला सांगायचं होतं, आपा. दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं. तू पुढच्या बाकावर होतीस आणि मी मागे जाऊन बसले. मग ते तसंच राहिलं. एक आठवडा, दोन आठवडे. माझी गोष्ट वार्षिकात छापून आली. तुझी आली नाही, शुद्धलेखनाच्या चुका फार आहेत म्हणून. चुका होत्याच, तू आठवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. मी त्या दुरुस्त करून देऊ शकले असते. दीड वर्ष मीच तर करून देत होते.

मग तू यायची थांबलीस. सगळ्यांना वाटलं, थकली असेल. मॅडमनी फोन केला तेव्हा कळलं की पोटात गाठ आहे, पसरली आहे. तुला कधीपासून माहीत होतं हे नंतर नसरीननं, तुझ्या मुलीनं सांगितलं. रिपोर्ट तू एकटीच आणलास, एकटीनंच वाचलास, आणि घडी घालून कपाटात ठेवलास. रिपोर्टवरची तारीख नंतर बघितली मी. त्या आठवड्यातच आपण जिन्यात भांडलो होतो. तू तो भांडणाआधी वाचलास की नंतर, ते मी नसरीनला विचारलं नाही. मला ते ऐकायचं नव्हतं.

मी गोष्ट पुन्हा लिहिली. पडदा काढला, रडणं काढलं, फ्रॉक परत घातला. ती लिहायला मला तीन आठवडे लागले, कारण न रडणाऱ्या बाईच्या आत काय चाललंय ते मला लिहिता येत नव्हतं. मग एका दुपारी तुझ्या घरी आले. तू दार उघडलंस तेव्हा मी तुला ओळखलं नाही, आणि ते तुला कळलं. म्हणालीस, "ये. हातात काय आहे? मासे नाहीत ना? वास सहन होत नाही आता."

"गोष्ट आहे."

"मग चालेल."

तू पलंगावर पडलीस आणि मी वाचायला लागले. तू डोळे मिटून ऐकत होतीस. पहिल्या पानावर थांबवलंस. "भात आधी वाढत नाहीत. आधी कालवणाची वाटी ठेवतात." मी लिहून घेतलं. दुसऱ्या पानावर म्हणालीस, "अम्मी समोर बसली नव्हती. जराशी बाजूला. समोर बसलं की माणसाला घास जात नाही." मी तेही लिहून घेतलं. तू मला याआधी 'समोर' असंच सांगितलं होतंस, पण मी वाद घातला नाही. तिसरं पान सुरू केलं तेव्हा तुझा श्वास जड झाला होता. तुला झोप लागली होती की दुखणं सोसत होतीस, मला अजून कळलेलं नाही. मी थांबले. थोड्या वेळानं तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "बस विचारली का तिनं?"

"अजून नाही. पुढच्या पानावर."

"मग ते परवा वाच."

मी जिन्यातल्या त्या वाक्याबद्दल बोलणार होते. तोंडात होतं. पण माफी मागितली तर ती तुझ्या आजारामुळे मागितली असं वाटेल, अशी मला भीती वाटली. बरी झालीस की मागू, असं मी ठरवलं. आपा, तू बरी होणार नव्हतीस हे मला दिसत होतं, तरी मी तसं ठरवलं.

तू सांगितलेल्या त्या परवा मी आले नाही. प्रबंधिकेची तारीख होती, आणि दुसऱ्या दिवशी बस नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी काय होतं ते आता आठवतही नाही. पाचव्या दिवशी आले. बाकीचं तुझ्या शेजारणीनं सांगितलं.

विद्यापीठात तुझी शोकसभा झाली. त्याच तापणाऱ्या वर्गात. नसरीन आली होती, रोडपालीहून, ऑफिसात अर्धी रजा टाकून. मी तिला प्रथमच बघत होते. मॅडम चांगलं बोलल्या. मग त्यांनी वार्षिक उघडून माझ्यासमोर ठेवलं. "दर्शना, हमीदाताईंच्या आईवरची तुझी गोष्ट वाच. यापेक्षा मोठी आदरांजली कुठली?"

मी उभी राहिले. पहिली ओळ पडद्याचीच होती. माझ्यानं ती वाचवेना. मी वार्षिक मिटलं आणि म्हणाले, "ही गोष्ट खोटी आहे. आपांनी मला जे सांगितलं होतं ते मी लिहिलं नाही." आणि मी सगळं सांगितलं. जिताडा, कालवणाची वाटी, जराशी बाजूला बसणं, बस किती वाजता, पिवळा फ्रॉक, कोचीनची मुलगी. तुझ्याच शब्दांत, जमेल तितकं. सांगताना मला बरं वाटत होतं. वाटलं, आता तुझं देणं थोडं तरी फिटतंय.

सभा संपल्यावर नसरीन जवळ आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझे नाना, अम्मीचे अब्बा, समुद्रात बुडून गेले," ती म्हणाली. "अम्मीनं आम्हाला लहानपणापासून असंच सांगितलंय."

ती आणखी एक पाऊल पुढे आली.

"तू म्हणतेस ते खरं आहे? मला खाला आहे, मावशी? कोचीनला?"

"मला आपांनी सांगितलं ते मी..."

"तुला सांगितलं," ती म्हणाली. "मला नाही." आणि वळून गेली.

म्हणजे ते फक्त माझ्याजवळ ठेवायला दिलं होतंस तू, आणि मी ते भर वर्गात उघडलं. पहिल्यांदा खोटं लिहून तुझ्या अम्मीला पुसून टाकलं, दुसऱ्यांदा खरं सांगून तुझ्या मुलीला तोडलं. तू असतीस तर काय म्हणाली असतीस? न विचारता सांगू नये, असं म्हणाली असतीस का? पण विचारणार कुणाला? हे भांडण मी आता रोज एकटी करते, तुझी बाजूही मीच मांडते, आणि प्रत्येक वेळी तू जिंकतेस.

आठ दिवसांनी नसरीनचा फोन आला. नंबर मॅडमनी दिला होता. "रविवारी येशील?" एवढंच म्हणाली. मी गेले. ती रागावलेली होती, अजूनही आहे, पण तिला ऐकायचं होतं. तू वर्गात काय बोलायचीस, डब्यात काय आणायचीस, बर्फातल्या विधवेच्या गुडघ्यांचं काय झालं. ती म्हणाली, "अम्मी अशी बोलायची हे मला माहीतच नव्हतं. घरी ती फक्त जेवलीस का विचारायची." मी तीन रविवार गेले. जे माहीत होतं ते सांगितलं. जे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हटलं. कोचीनच्या मुलीचं नाव तिनं विचारलं. माहीत नाही. अम्मी शेवटी घाबरली होती का, विचारलं. माहीत नाही. हे 'माहीत नाही' म्हणायला मी तुझ्याकडूनच शिकायला हवं होतं, उशिरा शिकले.

कालच्या रविवारी मी निघताना ती दारात म्हणाली, "माझ्याबद्दल काही बोलायची का ती?"

तू बोलली नव्हतीस, आपा. दीड वर्षात तू तिच्याबद्दल एकच वाक्य बोललीस, "नसरीन कामात असते." मी आठवायचा खूप प्रयत्न केला, जिन्यात उभी राहून, तिच्यासमोर. दुसरं काही सापडलं नाही.

मी म्हणाले, "म्हणायची, नसरीन गप्प बसली की अगदी माझ्या अम्मीसारखी दिसते."

नसरीन दाराला धरून उभी राहिली. "असं म्हणाली ती?"

"हो."

"कधी?"

"जेवताना. बऱ्याच वेळा."

तिनं मला ते पुन्हा सांगायला लावलं, आणि मी पुन्हा सांगितलं, तसंच, एक शब्दही न बदलता. मग ती रडली. मी तिथे असेपर्यंत तिचं रडणं थांबलं नाही.

हे वाक्य माझं आहे, आपा. तुला न विचारता तुझ्या तोंडी घातलंय. चुकलं असेल. पण हे मी परत घेणार नाही.